आईच्या गोळ्यांसाठी बोलणारं अ‍ॅप करतोय. कुठल्या भाषेत बोलू दे त्याला?

वडगावचा_माग
नमस्कार मंडळी. मी बेळगाव वडगावचा, नोकरीला बेंगळूरात. आई घरी एकटी, वय ७१. सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी, नाश्त्याबरोबर शुगरची मेटफॉर्मिन, रात्री बीपीची अ‍ॅमलोडिपिन. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, दुसऱ्याचा काढायचाय, त्यामुळे फोनवरची बारीक बटणं तिला दिसत नाहीत. म्हणून गेले दोन महिने शनिवार-रविवार बसून एक अ‍ॅप केलंय. वेळ झाली की फोन विचारतो, "रात्रीची गोळी घेतलीत का?" आई तोंडानं उत्तर देते, त्याचा मजकूर होतो, त्यावरून 'घेतली' किंवा 'राहिली' अशी नोंद पडते. 'राहिली' पडलं तर अर्ध्या तासानं फोन एकदाच परत आठवण करतो. मला इकडे रात्री दहाला अहवाल येतो.

आता प्रश्न. फोनची मराठी फारच आकाशवाणीछाप आहे. आई पहिल्याच दिवशी म्हणाली, "कोण वो ही बाई, पुण्याची काय?" तिला आपली बेळगावी बोलायला शिकवू का? घरात अर्धं कन्नड चालतं, तेही घालू का? तू म्हणू दे की तुम्ही? बाईचा आवाज बरा की बाप्याचा?

आणि एक गाऱ्हाणं. गेल्या चौदा रात्रींत पाच वेळा 'राहिली' अशी नोंद आहे. आई म्हणते, घेतलो. परवा फोनवर भांडणच झालं आमचं. पाय सुजलेत, उठताना चक्कर येते म्हणते. मी म्हटलं, गोळ्या चुकवल्यावर दुसरं काय होणार? औषधाच्या बाबतीत म्हातारी माणसं खोटं का बोलतात?

कुंदा_खाऊ
पहिला! लेकाला माझ्याकडून पाव किलो कुंदा. आईला नाही, मेटफॉर्मिन वाचलं.

तिसरं_गेट
राग मानू नकोस, पण दोन महिने खपून हे करण्यापेक्षा रोज रात्री नऊला दोन मिनिटं आईला फोन केला असतास तर? 'गोळी घेतलीस काय' हे विचारायला मशीन कशाला लागतंय? आमच्या वडिलांना सात खणांचा डबा आणून दिलाय. रविवारी मी भरतो. खण रिकामा म्हणजे गोळी पोटात. किंमत शंभरच्या आत, चार्जिंग लागत नाही.

दुबईकर_बेळगावी
@तिसरं_गेट, तुम्ही वडिलांच्या घरात राहता म्हणून रविवारी डबा भरता. मी सहा वर्षं इथून रोज फोन करतोय. "बाबा, गोळी?" "हो हो, घेतली." मागच्या दिवाळीला घरी गेलो, आकाशकंदिलाची वायर शोधायला देव्हाऱ्याखालचा खण उघडला, तर तरुण भारतच्या कागदात नीट गुंडाळलेल्या अकरा अख्ख्या स्ट्रिपा. फेकल्या नव्हत्या, पैसे पडलेत ना त्यांना. मी उभाच राहिलो तिथं. बाबा म्हणाले, "त्या घेतल्या की रात्री चारदा उठायला लागतंय." लघवी जास्त होणारी बीपीची गोळी होती ती, आणि ते ती झोपताना घेत होते. डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी फक्त वेळ बदलून सकाळची केली. विषय संपला. सहा वर्षांत मी एकदाही 'का घेत नाही' विचारलं नव्हतं, कारण 'घेत नाही' हेच माहीत नव्हतं.

म्हणून धागाकर्त्याला: तुमच्या अ‍ॅपनं 'राहिली' ऐकल्यावर पुढचा प्रश्न 'का' असा विचारला तर बघा.

तिसरं_गेट
खण रिकामा म्हणजे गोळी पोटात, हे माझं वाक्य मागं घेतो. आत्ता जाऊन आमचे सगळे ड्रॉवर बघतोय.

तंबाखू_निपाणी
मूळ प्रश्नावर येतो. बेळगावीच बोलू दे. पण कुठली बेळगावी? वडगावची वेगळी, येळ्ळूरची वेगळी, आमच्या निपाणीची तर कोल्हापूरला जास्त जवळ. आणि एक सांगतो, आमच्याकडं बायकाही 'मी आलो, मी जेवलो' म्हणतात. तुझं मशीन आईला बाप्या समजून बसेल.

चंदगडी
आमचं चंदगड महाराष्ट्रात, दवाखाना मात्र बेळगावचा. डॉक्टर कन्नडमिश्रित मराठी बोलणार, चिठ्ठी इंग्रजीत लिहिणार, आणि घरी येऊन ती वाचणार आठवीतला नातू. तुमच्या अ‍ॅपला आधी हा नातू बदलता आला पाहिजे.

कुंदा_खाऊ
अ‍ॅपची डीफॉल्ट भाषा कुठली ठेवायची यावर आयोग नेमा. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, सुप्रीम कोर्टात दावा २००४ चा. तोवर काकू शंभरी गाठतील, तेही गोळ्यांशिवाय.

व्यवस्थापक
सीमाप्रश्नाला वेगळा धागा आहे, ३८ पानी. इथं गोळ्यांवर बोला.

शहापुरी_साडी
माझा अनुभव आवाजाबद्दल आहे. आमच्या ह्यांना वर्षभर डिप्रेशनची गोळी चालू होती. घरात आम्हा दोघांशिवाय कुणाला माहीत नव्हतं, सासूबाईंनाही नाही. मी हौसेनं फोनवर बोलणारा रिमाइंडर लावला, त्यात गोळीचं नाव आणि पुढं 'मनाची गोळी' असं टाइप करून ठेवलं. संक्रांतीचं हळदीकुंकू. हॉलमध्ये बारा बायका, फोन टीव्हीच्या स्पीकरला जोडलेला, कारण गाणी लावली होती. बरोब्बर सहाला गाणं थांबलं आणि स्पीकरमधून खणखणीत आवाज आला. गोळीच्या नावासकट, 'मनाची गोळी' सकट.

कुणी काही बोललं नाही. एकीनं तिळगूळ छान झालाय म्हटलं. ते जास्त लागलं.

तेव्हा कृपा करून तुमच्या बाईला औषधाचं नाव आणि कारण मोठ्यानं बोलू देऊ नका. 'सहा वाजले' एवढं पुरे. ज्याला कळायचं त्याला कळतं.

वडगावचा_माग
@शहापुरी_साडी, हे डोक्यातच आलं नव्हतं. आजच बदलतो. स्पीकर जोडलेला असेल तर आवाज फोनमधूनच यावा असंही करता येतं.

कणकुंबीचा_पाऊस
आवाजाचा मजकूर फोनवरच होतो की इंटरनेटवर जाऊन? आमच्या खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटीच्या पुढं, जून ते सप्टेंबर रेंज देवाच्या भरवशावर. लाइट गेली की टॉवरही थोड्या वेळात झोपतो. आणि पत्र्यावर पाऊस पडायला लागला की शेजारी बसलेल्या माणसाचं ऐकू येत नाही, फोनला काय येणार? आमच्या आजीचं उत्तर फोन "समजलं नाही, पुन्हा बोला" म्हणून चारदा परत करायचा. पाचव्यांदा आजीनं त्याला जे उत्तर दिलं ते इथं लिहिता येत नाही. पावसाळ्यात एक मोठं हिरवं बटण असू दे, पडदाभर. डोळ्याला दिसलं नाही तरी हाताला लागेल.

टीबी_विभागात_होते
बोलण्यावरच सगळं टाकू नका, याला दुजोरा. टीबीच्या कार्यक्रमात ९९ डॉट्स नावाची पद्धत आम्ही राबवली आहे. गोळ्यांच्या पाकिटाला एक कागदी आवरण. गोळी फोडून काढली की मागं लपलेला फोन नंबर दिसतो, त्यावर पेशंटनं फुकटचा कॉल करायचा. नंबर आधी कळत नाही, म्हणून निदान गोळी पाकिटातून बाहेर आली एवढं समजतं. साधा बटणाचा फोन चालतो, भाषेचा प्रश्न नाही, अक्षरओळख लागत नाही.

पण तिथंही गंमत व्हायची. शेतात भांगलणीला गेलेली बाई गोळी घ्यायची, फोन मात्र नवऱ्याकडं असायचा. यादीत ती 'चुकवणारी'. घरी गेलं की ती रिकामं पाकीट पुढं करायची. कॉल आला नाही याचा अर्थ गोळी घेतली नाही असा नव्हे, हे आम्हाला यादीपेक्षा उंबरठ्यावर कळलं.

टेस्टर_आहे_मी
तांत्रिक. अँड्रॉइड १२ पासून ठरल्या मिनिटाला वाजणाऱ्या अलार्मला वेगळी परवानगी लागते आणि १४ मध्ये नव्यानं टाकलेल्या अ‍ॅपला ती आपोआप मिळत नाही. सेटिंगमध्ये 'अलार्म आणि रिमाइंडर' चालू केलंय ना? शिवाय काही फोन बॅटरी वाचवायच्या नावाखाली मागं चाललेलं अ‍ॅप मारून टाकतात. त्या पाच रात्री फोन विचारलाच नसेल.

वडगावचा_माग
ते सगळं तपासलंय. पाचही रात्री विचारलंय आणि उत्तरही आलंय. म्हणून तर चिडलो.

मेडिकलवाला
उशिरा आलो, दुकान बंद करून. खानापुरात बावीस वर्षं काउंटरवर उभा आहे, थोडं लांब लिहितो.

पहिलं, गोळीची ओळख रंगावर ठेवू नका. लोक 'ती गुलाबी बारकी' म्हणून मागतात. कंपनी बदलली की तीच गोळी पांढरी होते, जनऔषधीतून आणली की आणखी वेगळी. मग घरात दोन रंगांच्या एकाच औषधाच्या गोळ्या आणि माणूस दोन्ही घेतो. अ‍ॅपमध्ये औषधाचं मूळ नाव आणि पॉवर टाका, बोलताना फक्त वेळ बोला. मी पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढून देतो. चिठ्ठीवरचं १-०-१ सगळ्यांना कळत नाही, चंद्र कळतो.

दुसरं, प्रश्न चुकतोय. शुगरच्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेऊन माणूस उपाशी राहिला की साखर दाणकन उतरते. आमच्याकडं माळकरी पुष्कळ. एकादशीला सकाळी गोळी नेमानं घेणार आणि पोटात दोन केळी. दरदरून घाम, हातपाय थरथर, आणि घरचे म्हणतात उपवासानं अशक्तपणा आला. रोज्याच्या महिन्यात दुसऱ्या गल्लीत हेच. तिथं अ‍ॅपनं 'गोळी घेतली का' विचारण्याआधी 'जेवलात का' विचारायला पाहिजे. थायरॉइडचं उलटं, ती घेतल्यावर निदान अर्धा तास चहासुद्धा नको. आणि संधिवाताची मेथोट्रेक्सेट बहुतेकांना आठवड्यातून एकदाच असते. ती चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. तुमच्या अ‍ॅपमध्ये 'रोज' हे आपोआप भरलेलं असेल तर ते आधी काढा.

तिसरं, आणि याचसाठी लिहायला बसलो. 'राहिली' अशी नोंद झाली की परत आठवण करतो म्हणालात. नोंद चुकली असेल तर? राहिलेल्या गोळीपेक्षा दोनदा घेतलेली गोळी जास्त त्रास देते पुष्कळदा. अ‍ॅमलोडिपिन शरीरात बराच वेळ टिकते, एखादा दिवस पुढंमागं झाला तर लगेच आभाळ कोसळत नाही. मग दुसऱ्यांदा घ्यायला सांगायची एवढी घाई कशाला?

चौदा रात्री झाल्या म्हणता. किती गोळ्या आणल्या होत्या आणि आज किती उरल्यात? खरंखोटं राहू दे बाजूला, मोजा.

टेस्टर_आहे_मी
+१. आणि नोंद नको, त्या पाच रात्रींचा कच्चा मजकूर टाक. आई नेमकं काय बोलली ते शब्दन् शब्द.

कुंदा_खाऊ
धागा गंभीर झाला. चहा टाकतो.

वडगावचा_माग
मजकूर काढला. घेतली अशी नोंद असलेल्या रात्री: "हां घेतलो", "झालं", "घेतलो की मघाशीच", एकदा नुसतं "आयतु" (हे कन्नड मी शब्दांच्या यादीत घातलं होतं, त्याचा अभिमान वाटला).

राहिली अशी नोंद असलेल्या पाच:
"घेऊन सोडलो"
"आत्ताच घेऊन सोडलो बघ"
"जेवून, घेऊन सोडलो"
"घेऊन सोडलो म्हटलो की"
"काय वो बाई, घेऊन सोडलो"

माझ्या नियमात 'सोड', 'राहि', 'विसर', 'नको' यांपैकी काही आलं की 'राहिली'.

चंदगडी
अरे देवा.

तंबाखू_निपाणी
हहपुवा... आणि लगेच हसू थांबलं पण.

भाषाभुंगा
आता माझी पाळी. प्रमाण मराठीत आपण 'खाऊन टाकलं' म्हणतो. तिथं कुणी काही फेकलेलं नसतं, खाणं पुरं झालं एवढंच 'टाकणे' सांगतं. कन्नडमध्ये हेच काम 'बिडु' करतं. बिडु म्हणजे सोडणे, पण 'तिंदुबिट्टे' म्हणजे खाऊन टाकलं. शेजारी राहून आपण क्रियापद मराठी घेतलं आणि रीत कन्नड. म्हणून बेळगावात 'सांगून सोड', 'देऊन सोडलो', 'घेऊन सोडलो'. तसंच 'गोळी घेतली' न म्हणता 'मी गोळी घेतलो'. पुण्यात कर्म स्त्रीलिंगी म्हणून क्रियापद वळतं, इथं बोलणारा मी, म्हणून घेतलो.

धागाकर्त्याच्या आईनं पाचही वेळा सर्वांत ठाम उत्तर दिलं होतं. नुसतं घेतलं नव्हे, घेऊन मोकळी झाले. आणि वडगावच्याच माणसानं लिहिलेल्या अ‍ॅपला ते कळलं नाही. तुम्ही स्वतः घरी असंच बोलत असणार.

वडगावचा_माग
बोलतो. रोज बोलतो. नियम लिहिताना मात्र शाळेतली मराठी लिहिली.

मेडिकलवाला
गोळ्या मोजल्या का?

वडगावचा_माग
आत्ता मोजल्या. व्हिडिओ कॉल केला, आईला म्हटलं स्ट्रिपा कॅमेऱ्यासमोर धर. पहिल्यांदा छताचा पंखा दिसला, मग तिचा कान, मग स्ट्रिपा. १५ च्या दोन आणल्या होत्या, म्हणजे ३०. अ‍ॅपचं खरं असतं तर ९ संपून २१ उरायला हव्या होत्या. आईचं खरं असतं तर १६.

उरल्यात १३.

तीन जास्त गेल्यात. मी विचारलं, कशा? तर म्हणाली, "तुझी ती बाई परत सांगते की, गोळी राहिलीय घ्या म्हणून. तू केलायस म्हटल्यावर बरोबरच असणार. मला वाटलं मीच विसरलो. तीनदा घेतलो, दोनदा झोप लागली होती."

आणि मी तिला खोटं बोलतेस म्हटलो होतो.

शहापुरी_साडी
आता स्वतःला शिव्या देत बसू नका. आधी डॉक्टर.

मेडिकलवाला
बरोबर. सकाळी डॉक्टरांना फोन करून तीन रात्री दुप्पट गेली हे सांगा, कुठल्या तारखांना तेही. पायाची सूज अ‍ॅमलोडिपिननं एरवीही येते, तेव्हा सगळं खापर त्या तीन गोळ्यांवर फोडू नका, पण सूज आणि चक्कर दोन्ही त्यांच्या कानावर घाला. बीपी मोजून घ्या. आणि 'जास्त झाल्या म्हणून दोन दिवस बंद' असला हिशेब घरच्या घरी करू नका. लोक तो करतात.

अ‍ॅपमधली दुसरी आठवण आजच रात्री बंद करा.

वडगावचा_माग
बंद केली. तुमचा निरोप वाचायच्या आधीच.

दुबईकर_बेळगावी
माझे बाबा 'हो' म्हणून घेत नव्हते, तुमच्या आई 'सोडलो' म्हणून घेत होत्या. दोन्हीकडं पोरगा लांब बसून नोंद वाचत होता.

तिसरं_गेट
ड्रॉवरमध्ये काही सापडलं नाही. वडिलांनी विचारलं काय शोधतोयस. खरं सांगितलं. दोन तास बोलत नव्हते.

कुंदा_खाऊ
अवांतर: 'सोडलो'वरून आठवलं. पुण्याच्या जावयाला आमच्या मामींनी विचारलं, "कुंदा खाऊन सोडलात काय?" त्यांनी ताट पुढं केलं, "नाही नाही, काहीच सोडलेलं नाही, सगळा संपवलाय."

वडगावचा_माग
तीन दिवसांनी परत येतोय. डॉक्टरांना भेटून झालं, शेजारची मुलगी आईला घेऊन गेली. बीपी बघितलं, गोळी तीच ठेवलीय, सुजेसाठी आठवड्यानं परत बोलावलंय.

अ‍ॅपचं सांगतो. नोंद आता तीन प्रकारची: घेतली, राहिली, कळलं नाही. शंका आली की 'कळलं नाही'मध्ये जातं, आणि तिथं फोन आईला काहीच सांगत नाही, मला सांगतो. मग मी फोन करतो (@तिसरं_गेट, शेवटी नऊच्या फोनवरच आलो). आईचे शब्द जसेच्या तसे अहवालात दिसतात. 'रोज' आपोआप भरत नाही. औषधाचं नाव बोलत नाही. हिरवं बटण आलंय. दर रविवारी 'स्ट्रिपेत किती उरल्या' विचारतो, ते आईला आवडलंय, ती तांदळाचे डबेही मोजायची.

मूळ प्रश्न राहिलाच: कुठल्या भाषेत बोलू दे? आईलाच विचारलं. म्हणाली, त्या बाईला काही शिकवू नकोस, ती बोलू दे तिच्या पद्धतीनं, मला कळतंय. तिला माझं कळू दे.

तेव्हा मदत हवीय. तुमच्या घरात 'गोळी घेतली' हे किती प्रकारे म्हणतात ते लिहा. गाव लिहा, माणसाचं नाव नको.

तंबाखू_निपाणी
निपाणी: "घेटली न्हवं मगा."

कणकुंबीचा_पाऊस
कणकुंबी, आजी: उत्तर देत नाही, रिकामं भांडं आपटते. याचा नियम लिहून दाखव.

चंदगडी
चंदगड: "घेतलो नाही तर काय!" यात 'नाही' आहे, सांभाळ.

भाषाभुंगा
खानापूर, माझी आत्या: "गिळलो बाबा एकदाची." आणि ज्या दिवशी घेतलेली नसते त्या दिवशी: "घेतो की." हे दुसरं जास्त महत्त्वाचं आहे.

मेडिकलवाला
आज किती उरल्या?

वडगावचा_माग
काल रात्रीची घेतल्यावर दहा. आईनं मोजल्या, मग शेजारच्या मुलीनं.